मॅरेथॉन प्रकल्प नोंदी: बँकेची नोकरी, दहावीचे वर्ष आणि ३ तास ४० मिनिटे

७ जुलै २०२४, रविवार

गेल्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉन ३ तास ५२ मिनिटांत पूर्ण झाली. येत्या १९ जानेवारीला तीच शर्यत ३ तास ४० मिनिटांच्या आत पळायची, असा हा प्रकल्प आहे. ३:४० ही अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनने ४० ते ४४ वयाच्या स्त्रियांसाठी ठेवलेली पात्रतेची वेळ आहे. बोस्टनला जाण्याइतका पैसा आमच्या घरात मोकळा नाही. तरीही मनाशी ठरवलेल्या आकड्यापेक्षा बाहेरच्या कोणीतरी आखून दिलेली रेघ मला अधिक कामाला लावते, म्हणून ती घेतली. वेगाच्या भाषेत बोलायचे तर किलोमीटरला साडेपाच मिनिटांवरून पाच मिनिटे बारा सेकंदांवर यायचे आहे.

परिस्थिती अशी. मी कोल्हापुरात राहते आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कागल शाखेत शेतीकर्जांचे काम पाहते. सकाळी नऊला दुचाकीने घर सोडते आणि महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम चालू असल्यामुळे परतायला साडेसात वाजतात. पतींचे उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप आहे, मुलगी यंदा दहावीत आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. यांपैकी कोणीही माझ्या पळण्याच्या विरोधात नाही. अडचण एवढीच आहे की पहाटे पाच ते साडेसहा हा माझा एकमेव मोकळा वेळ असून त्याच वेळेत नळाला पाणी येते, दूध येते आणि डब्याची कणीक मळायची असते.

म्हणून सरावाचा तक्ता करण्याआधी एका मोठ्या कागदावर आठवड्याचे सगळे तास मांडले आणि प्रत्येक तासापुढे तो सध्या कोणाच्या उपयोगी पडतो त्याचे नाव लिहिले. आठवड्याला पळण्यासाठी साडेसात तास हवे होते. कागदावर कोणाचेच नाव नसलेले तास जेमतेम दोन निघाले. उरलेले मागून घ्यावे लागणार होते. पाणी भरण्याचे काम पतींनी घेतले आणि त्या बदल्यात वर्कशॉपचे जीएसटीचे काम माझ्याकडे आले. दर महिन्याच्या ११ तारखेला एक विवरणपत्र आणि २० तारखेला दुसरे, त्यामुळे त्या तारखांच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत बसावे लागेल आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जोराचा सराव ठेवता येणार नाही, हेही तक्त्यात लिहून टाकले. सासूबाईंचे म्हणणे एका वाक्याचे होते: "पळायचं तर पळ की गं, पण दूध तापवून ठेवून जात जा, मला गॅसपाशी उभं राहवत नाही."

२८ जुलै, रविवार

पहिलाच महिना पावसात गेला. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शहराबाहेरचे अनेक रस्ते पाण्याखाली गेले आणि लांब पळण्याचा प्रश्नच मिटला. शाखेतही नदीकाठच्या गावांतले खातेदार पीक बुडाल्याचे सांगायला येत होते. त्यांच्या रांगेसमोर बसून आपला रविवारचा सराव चुकला याचे वाईट वाटून घेणे शोभत नाही, हे मान्य केले. मात्र इथे नोंद सरावाची आहे, म्हणून त्याचेच लिहिते.

पर्याय म्हणून घराजवळच्या व्यायामशाळेत महिन्याला १,५०० रुपये भरून ट्रेडमिल घेतली. व्यायामशाळा सहाला उघडते, म्हणजे माझ्या पाच ते साडेसहाच्या वेळेतला एक तास आधीच वाया जातो. तिथे नीट सराव असा थोडाच झाला. त्यापेक्षा आमच्या इमारतीच्या जिन्याचा उपयोग अधिक झाला: चार मजले चढायचे, चालत उतरायचे, पाऊण तास. शेजाऱ्यांनी दोन दिवस चौकशी केली, नंतर सवय झाली. जोतिबाच्या चढावर पळण्याने जी ताकद येते ती यातून येत नाही, पण मांड्या सुस्तावल्याही नाहीत. पुढच्या जुलैत व्यायामशाळेचे पैसे वाचवीन.

१८ ऑगस्ट, रविवार

सहा दिवसांचा तक्ता मोडीत काढला. त्यात मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी आठ ते दहा किलोमीटर पळायचे होते. प्रत्यक्षात शाखेचा दिवसअखेरचा हिशेब जुळेपर्यंत साडेसहा होतात, त्यापुढे महामार्गावरची धूळ, घरी आल्यावर मुलीचे बीजगणित, आणि यातून निसटून रंकाळा तलावावर गेलेच तर त्या वेळी तिथे भेळेच्या गाड्या, फिरायला आलेली कुटुंबे आणि छोट्या सायकली यांच्यातून वाट काढत पळावे लागते. वेग पाहण्याची ती जागा नव्हे. शिवाय संध्याकाळी पळाल्यावर झोप अकराच्या पुढे जाते आणि दुसऱ्या दिवशीची पहाट हातची जाते. एका संध्याकाळच्या पळण्याची किंमत अशी दुप्पट पडत होती.

आता तक्ता चार दिवसांचा आहे. मंगळवारी सावकाश दहा किलोमीटर, बुधवारी सुटी, गुरुवारी वेगाचे काम, शुक्रवारी सावकाश आठ, आणि शनिवारी किंवा रविवारी लांब पल्ला. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, याचा उपयोग या प्रकल्पात सगळ्यांत जास्त झाला. लांब पल्ला त्या शनिवारी पहाटे उरकला की रविवार पूर्ण घराचा राहतो. पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात तो रविवारी येतो, म्हणून त्या आठवड्यांत अंतर कमी ठेवायचे. प्रशिक्षक सरांना हे आधी पटले नाही, कारण त्यांच्या पद्धतीत लांब पल्ला दर आठवड्याला थोडा थोडा वाढतो. माझा एक आठवडा मोठा, एक लहान असा वाढतो. त्यांनी अखेर आकडे पाहून होकार दिला.

या महिन्यात कोल्हापुरात दुसरा विषय नव्हता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्टला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. शाखेत चहाच्या वेळी सहकारी मला म्हणाले, "मॅडम, ते रेल्वेत नोकरी करून पदक आणतात, तुमचं काय अडतंय?" हसण्यावारी नेले, पण मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक वाटते. ज्या खात्यात खेळाडू म्हणून नोकरी असते तिथे सरावासाठी वेळ आणि रजा मिळण्याची व्यवस्था असते. त्याबदल्यात त्यांच्यावर निकालाचे जे ओझे असते ते आपण कधी उचललेले नसते. माझ्यासारखीची नोकरी पळण्याची दखलही घेत नाही आणि हिशेबही मागत नाही. या दोन गोष्टींची तुलना करून स्वतःला टोचून घेण्यात अर्थ नाही, तसाच सवलत मागण्यातही नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

रेघ हलली. बोस्टनच्या आयोजकांनी २०२६ च्या शर्यतीसाठी पात्रतेच्या वेळा साठीच्या आतल्या वयोगटांत पाच मिनिटांनी कडक केल्या. माझ्या गटात ३:४० ची ३:३५ झाली. त्यातच २०२५ च्या शर्यतीसाठी अर्ज इतके आले की पात्रता वेळेपेक्षा ६ मिनिटे ५१ सेकंदांनी कमी वेळ असलेल्यांनाच प्रवेश मिळाला. म्हणजे जुनी रेघ धरली असती तरी खरी वेळ ३:३३:०९ होती. नव्या वेळेवरही अशीच कात्री लागली तर ३:३० च्या आत यावे लागेल.

दोन दिवस मी नवा तक्ता करत होते: पाच दिवस, आठवड्याला साठ किलोमीटरच्या वर, गुरुवारचे वेगाचे काम वाढवलेले. मग जुलैतला तासांचा कागद पुन्हा काढला. पाचवा दिवस कोणाकडून घ्यायचा याचे उत्तर त्यात नव्हते. मुलीची सहामाही जवळ आलेली, ३० सप्टेंबरचे अर्धवार्षिक कामकाज डोक्यावर, आणि पाणी भरण्यासाठी रोज पाचला उठून पतींची झोप आधीच कमी झालेली. म्हणून लक्ष्य ३:४० च ठेवले. आता ते कशाचेच पात्रता चिन्ह नाही, पण चार दिवसांत, साडेसहा तासांत जे निघू शकते ते बहुधा एवढेच आहे. सरांनी विचारले, "मग ३:३५ कधी?" मी म्हटले, दहावी होऊ द्या.

खर्चाची नोंद: नवे बूट ९,२०० रुपये. जुन्यांचे तळवे गुळगुळीत झाले होते आणि रंकाळ्याच्या फरशीवर पाऊस पडला की पाय घसरत होता.

१३ ऑक्टोबर, रविवार

या नोंदीत स्त्री धावपटूंनी विशेष लक्ष घालावे.

सप्टेंबरच्या मध्यापासून सावकाश पळतानाही नाडी दहा-बारा ठोक्यांनी जास्त दिसत होती, जिना चढताना धाप लागत होती आणि दुपारी तीनच्या सुमारास कर्जाचे प्रस्ताव वाचताना डोळे मिटत होते. मी त्याचा दोष अर्धवार्षिक कामाला दिला, सरांनी वेगाच्या कामाला दिला, सासूबाईंनी पळण्यालाच दिला. अखेर रक्त तपासले. हिमोग्लोबिन १२.१ आले, म्हणजे वरवर ठीकच. पण डॉक्टरांनी फेरिटिनही तपासायला सांगितले होते, ते १४ निघाले. शरीरातला लोहाचा साठा किती उरला आहे हे फेरिटिन दाखवते आणि तो आटला तरी हिमोग्लोबिन बराच काळ तग धरून राहू शकते, त्यामुळे नुसत्या हिमोग्लोबिनच्या तपासणीत हे सुटून जाते. मासिक पाळी आणि लांब पल्ल्याचा सराव या दोन्हींमुळे आमच्याकडे हा साठा लवकर संपतो.

गोळ्या सुरू झाल्या, पण त्या घ्यायच्या कधी हा खरा पेच ठरला. चहा-कॉफीने लोह अंगी लागणे कमी होते, दुधातल्या कॅल्शियमनेही अडथळा येतो. आणि आमच्या घरात उठल्यापासून आठ वाजेपर्यंत चहा आणि दूध यांखेरीज दुसरे काही पोटात जात नाही. डॉक्टरांना विचारून गोळी दुपारी शाखेत, जेवणाआधी तासभर, लिंबूपाण्याबरोबर घेऊ लागले. पहिला आठवडा मळमळ झाली, नंतर थांबली. शाखेतला साडेबाराचा चहा माझ्यापुरता बंद आहे आणि टेबलावर कप ठेवायला आलेल्या माणसाला रोज नव्याने नाही म्हणावे लागते.

याच दिवसांत नवरात्र आले. आमच्याकडे नऊ दिवसांचे उपवास असतात आणि अंबाबाईच्या गावात ते मोडायचे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. सासूबाईंपुढे तपासणीचा कागद ठेवला आणि डॉक्टरांनी सांगितलेले जसेच्या तसे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग उठता-बसता कर. देवी काय तक्रार करायला येत न्हाई." पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपवास धरला, त्या दोन्ही दिवशी पळाले नाही. काल दसरा होता आणि दुसरा शनिवारही. लांब पल्ला सोडून दिला, सीमोल्लंघनाला सगळे दसरा चौकात गेलो.

वेगाचे काम चार आठवडे बंद. तपासण्यांचा खर्च १,९०० रुपये.

१० नोव्हेंबर, रविवार

नाडी खाली आली. फेरिटिनची पुन्हा तपासणी डिसेंबरअखेर करायची आहे, पण जिन्यावरची धाप गेली हे मला पुरेसे आहे.

दिवाळीत फराळ करण्याच्या चार दिवसांत सराव पूर्ण थांबला आणि त्याने काही बिघडले नाही. बिघडले ते नंतर. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखू लागले, सहा-सात किलोमीटरनंतर हमखास. फिजिओथेरपिस्टने पायापेक्षा रस्त्याबद्दल अधिक विचारले. मी कळंबा रस्त्यावर सुरक्षिततेसाठी नेहमी उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशी पळते. रस्त्याची कड बाहेरच्या बाजूला उतरती असल्याने उजवा पाय सतत खालच्या पातळीवर पडत होता. उपाय म्हणून आठवड्यातली सगळी छोटी पळणी शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात हलवली, जिथे रहदारी कमी असल्याने जाताना एका कडेने आणि येताना त्याच कडेने पळता येते. त्याखेरीज कंबरेच्या बाजूच्या स्नायूंचे दोन व्यायाम, रोज रात्री भांडी आवरल्यावर दहा मिनिटे. पंधरवड्यात दुखणे हटले. पाच बैठकांचे २,५०० रुपये गेले. तिसऱ्या बैठकीनंतरच्या दोन टाळता आल्या असत्या असे वाटते.

विधानसभा निवडणुकीच्या कामाचा आदेश आला आहे. प्रशिक्षण एका रविवारी, तोच लांब पल्ल्याचा रविवार.

२४ नोव्हेंबर, रविवार

निवडणुकीचे काम ज्यांना लागते त्यांना कळावे म्हणून तपशिलाने लिहिते, कारण सरावाच्या कोणत्याही छापील तक्त्यात याची सोय नसते.

१९ तारखेला साहित्यवाटप. सकाळी आठपासून रांगेत उभे राहून यंत्रे, शाई, सील, पाकिटे आणि नमुने तपासून घ्यायचे, मग एसटीने केंद्रावर जायचे, शाळेच्या वर्गात मतदान कक्ष मांडायचा. २० तारखेला पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप (म्हणजे चाचणीचे) मतदान, सातला प्रत्यक्ष मतदान, सहाला दार बंद झाले तरी रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन मतदान होईपर्यंत थांबायचे. आमच्या जिल्ह्यात लोक मतदान चुकवत नाहीत, त्यामुळे ही रांग लांब होती. यंत्रे जमा करून घरी पोहोचायला रात्रीचा एक वाजला. दिवसभर लोखंडी खुर्चीवर बसून पाठ आणि मांडीचे मागचे स्नायू असे आखडले की २१ तारखेला चालणेही नीट होईना.

मी त्या आठवड्यात गुरुवारऐवजी शुक्रवारी वेगाचे काम करून पाहिले. सहा वेळा एक किलोमीटर पळायचे होते, तिसऱ्याला थांबले. त्यानंतर चौथ्या शनिवारचा लांब पल्ला ३० वरून १८ किलोमीटरवर आणला. असे आठवडे भरून काढायच्या फंदात पडू नये, असे सर म्हणतात. मला ते पटायला दोन वर्षे लागली आहेत.

१५ डिसेंबर, रविवार

काल दुसरा शनिवार. ३२ किलोमीटर, कळंब्याहून गारगोटी रस्त्याने इस्पुर्लीच्या पुढे जाऊन परत, शेवटचे दहा किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. सरासरी किलोमीटरला ५:२६, शेवटचे दहा ५:१०. प्रकल्प रुळावर आहे असे पहिल्यांदाच म्हणावेसे वाटले.

पण हा रस्ता आता या हंगामात पुन्हा घेणार नाही. उसाचा हंगाम सुरू झाला आहे. सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि त्याआधीच्या काळोखात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून येतात. समोरून येणारा ट्रॅक्टर निदान ऐकू येतो. उभी असलेली ट्रॉली दिसत नाही, कारण मागे लाल दिवा सोडाच, परावर्तक पट्टीही बऱ्याच ठिकाणी नसते. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांनी माझ्या मैत्रिणीच्या दंडावर ओरखडा काढला. आम्ही तिघी एकत्र पळतो, डोक्याला दिवा आणि अंगात चमकणारे जाकीट असते, कुत्र्यांसाठी एकीच्या हातात काठी असते, तरीही हा धोका घेण्यासारखा नाही. पुढचा लांब पल्ला विद्यापीठाच्या आतल्या रस्त्यांवर फेऱ्या मारून करायचा, कंटाळा आला तरी.

खाण्याचे प्रयोग. तयार जेलचे पाकीट शंभर रुपयांच्या आसपास पडते, शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हवीत असे धरले तर सरावासह हा खर्च परवडत नाही. गूळ खिशात ठेवून पाहिला. घामाने पाघळून किल्ल्यांना चिकटला आणि पळताना चघळता येईना. मग गुऱ्हाळावरून काकवी आणली. पहिल्या वेळी ती तशीच छोट्या मऊ बाटलीत भरली आणि पहाटेच्या थंडीत इतकी घट्ट झाली की बाटली पिळूनही थेंब येईना. दुसऱ्या वेळी कोमट पाणी, लिंबू आणि मीठ घालून पातळ केली, ती छान गेली. पण उरलेली तशीच बाटलीत राहिली आणि दोन दिवसांनी झाकण उघडताच फसफसून ओट्यावर आली. आता कृती ठरली आहे: दोन भाग काकवी, एक भाग कोमट पाणी, अर्धे लिंबू, चिमूट मीठ, पळण्याच्या आदल्या रात्री करायची, उरलेली फेकायची, बाटली लगेच गरम पाण्याने धुवायची. पोटाला काही त्रास नाही. पाऊण तासाने दोन घोट आणि वर साधे पाणी.

५ जानेवारी २०२५, रविवार

२९ डिसेंबरला बँकेची बढतीची परीक्षा झाली. ती देणार हे मी ऑक्टोबरमध्येच ठरवले होते, पण नोंदींत लिहिले नाही, कारण देईन की नाही याची खात्री नव्हती. बढती मिळाली तर बदली बहुधा जिल्ह्याबाहेर, कदाचित राज्याबाहेर होईल. पळण्याचे जे काही बसवले आहे, म्हणजे पाणी भरणारे पती, पाचला भेटणाऱ्या दोघी, दूध तापवण्याचा करार, ते सगळे या घराशी आणि या गावाशी बांधलेले आहे. नव्या गावी एकटीच्या खोलीत तास भरपूर मिळतील आणि घर मिळणार नाही.

अभ्यास पळण्यातून काढला नाही, मोबाइलमधून काढला. पहाटेच्या सावकाश पळण्यात बँकिंग नियमांचे स्वतः रेकॉर्ड केलेले टिपण एका कानात ऐकत असे. दुसरा कान वाहनांसाठी मोकळा. वेगाच्या दिवशी हे जमत नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर मुलगी भूगोल आणि मी परिपत्रके, असे समोरासमोर बसत होतो. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत, तिमाहीच्या उद्दिष्टांची धावपळ आणि परीक्षा एकत्र आल्यावर, आठवड्याचे अंतर ३० किलोमीटरवर आले. तसाही शर्यतीआधीचे तीन आठवडे भार कमी करायचा असतो; माझा तो एक आठवडा आधी सुरू झाला इतकेच.

फेरिटिन ३८. गोळ्या शर्यतीनंतरही चालू ठेवायच्या आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

३ तास ३८ मिनिटे ४६ सेकंद.

प्रवासाचे आधी लिहिते, कारण चुकण्याच्या जागा तिथे अधिक आहेत. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, स्वतः मुंबईत जाऊन घ्यावा लागतो, त्यासाठी शुक्रवार गेला. १८ तारखेचा शनिवार तिसरा, म्हणजे बँक चालू, म्हणून तीही रजा. दोन किरकोळ रजा मी डिसेंबरमध्येच शाखाधिकाऱ्यांकडून मंजूर करून घेतल्या होत्या. महालक्ष्मी एक्सप्रेस गुरुवारी रात्री कोल्हापुरातून निघून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचते, तिथेच शर्यतीची सुरुवात असल्याने रस्त्याची ओळख होते. दादरला मावशीकडे राहिले. मावशीने शनिवारी रात्री प्रेमाने मसालेभात आणि वांग्याची भाजी केली होती. मी दहीभात मागितला आणि तिचा रुसवा पत्करला.

पहाटे पाचला सुरुवात. कोल्हापूरच्या कोरड्या थंडीतून आलेल्याला मुंबईची दमट हवा पहिल्या किलोमीटरलाच जाणवते, म्हणून पाणी तहान लागण्याआधी घेत राहिले. अर्धे अंतर १:४८:१० ला झाले, ठरवल्यापेक्षा मिनिटभर लवकर. सी लिंकवर वारा बेताचा होता. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ तिसाव्या किलोमीटरनंतर येतो, तिथे गेल्या वर्षी मी चालले होते. यंदा घड्याळ पाहणेच सोडले आणि समोरच्या बाईच्या पिवळ्या मोज्यांवर नजर ठेवून छोट्या पावलांनी चढले. एक किलोमीटर ५:४४ ला गेला, पण चालावे लागले नाही. जिने चढण्याचा जुलै तिथे कामी आला असावा. मरीन ड्राइव्हवर ऊन चढले, उजव्या पोटरीत गोळा येतो की काय असे दोनदा वाटले आणि काकवीचे शेवटचे दोन घोट उपयोगी पडले. उत्तरार्ध १:५०:३६.

परतीचे तिकीट त्याच रात्रीचे होते आणि बर्थ वरचा. मॅरेथॉन पळालेल्या पायांनी वरच्या बर्थवर चढणे हा शर्यतीपेक्षा अवघड प्रकार निघाला. समोरच्या काकांनी स्वतःहून खालची जागा दिली नसती तर मी मधल्या वाटेतच बसले असते. आरक्षण करतानाच खालचा बर्थ मागावा. सोमवारी सकाळी आंघोळ करून दहाला शाखेत हजर झाले. सोमवारची रजा काढली असती तर बरे झाले असते, पण सोमवारी पीककर्जाची तपासणी होती.

९ फेब्रुवारी, रविवार

हिशेब. बूट ९,२००, व्यायामशाळा १,५००, रक्ततपासण्या दोन वेळच्या मिळून ३,१००, फिजिओथेरपी २,५००, दिवा आणि जाकीट १,१००, प्रवेशशुल्क आणि रेल्वे मिळून साडेपाच हजारांच्या आत. प्रशिक्षकांचे मासिक शुल्क वेगळे. काकवीचा खर्च धरण्याइतका नाही.

पैशात न मोजलेले असे: पती सात महिने रात्री दहाला झोपले आणि त्यांच्या मित्रांबरोबरचे कॅरम बंद पडले. ते त्यांनी परवा मला सांगितले, तक्रार म्हणून नव्हे, कॅरमचा बोर्ड माळ्यावरून काढताना. जुलैतल्या तासांच्या कागदावर कॅरमचे नाव नव्हते, कारण ते मी विचारलेच नव्हते. पुढच्या तक्त्यात गुरुवारची रात्र त्यांची आहे आणि शुक्रवारी पहाटे पाणी मी भरणार आहे. त्यामुळे शुक्रवारचे आठ किलोमीटर गेले, ते मंगळवारी दोन-तीन किलोमीटर वाढवून जेवढे भरतील तेवढे भरतील.

बढतीच्या लेखी परीक्षेत पास झाले आहे, मुलाखत मार्चमध्ये आहे. मुलीची बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीपासून सुरू होते. तोपर्यंत आणि नंतर ३१ मार्चच्या वर्षअखेरीपर्यंत आठवड्यातून तीनच दिवस पळायचे, वेगाचे काम नाही, घड्याळ घरी. ३:३५ चा तक्ता एप्रिलमध्ये करायचा. तो कोल्हापूरच्या रस्त्यांसाठी करायचा की दुसऱ्या एखाद्या गावाच्या, हे मुलाखतीनंतर कळेल; दोन्हींसाठी तासांचे कोरे कागद काढून ठेवले आहेत आणि या वेळी ते भरायला चौघेही बसणार आहोत.